फेब्रीझ, फेसबुक आणि फार बारीक नेम

ऑगस्ट २०१६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने एक बातमी दिली. प्रॉक्टर अँड गॅम्बल, म्हणजे आपल्याकडे एरियल, टाइड, व्हिस्पर, पॅम्पर्स, जिलेट आणि विक्स विकणारी पी अँड जी, फेसबुकवर बारीक बारीक गट पाडून दाखवायच्या जाहिराती कमी करणार होती. वर्षाला सुमारे ७.२ अब्ज डॉलर जाहिरातींवर घालणारी, जगातली त्या वेळची सर्वांत मोठी जाहिरातदार कंपनी हे म्हणत होती, त्यामुळे बातमीला वजन आलं. कंपनीचे ब्रँडप्रमुख मार्क प्रिचर्ड यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, की आमचं टार्गेटिंग अती झालं, आमचा घेरा फारच आवळला गेला.

ज्याने त्याने आपल्या सोयीचा अर्थ काढला. ज्यांची रोजीरोटी टीव्हीवर होती ते म्हणाले, बघा, आम्ही सांगतच होतो. ज्यांची फेसबुकवर होती त्यांनी बातमीचा तळ गाठला आणि तिथली वाक्यं पुढे केली: पी अँड जी फेसबुकचा एकूण खर्च कमी करणार नाही, आणि जिथे गरज असेल तिथे टार्गेटिंग चालूच ठेवणार, उदाहरणार्थ गरोदर बायकांना डायपरच्या जाहिराती. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. म्हणूनच हे प्रकरण दहा वर्षांनंतरही नीट उलगडून बघण्यासारखं आहे. टार्गेटिंग चांगलं की वाईट, या वादात ते मावत नाही. एकाच कंपनीने एकाच वेळी एका वस्तूसाठी दार सताड उघडलं आणि दुसरीसाठी किलकिलं ठेवलं. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात ते का, हा खरा प्रश्न.

वस्तू कोणती होती

बातमीतलं उदाहरण फेब्रीझचं होतं. कापडातला, सोफ्यातला, पडद्यातला वास घालवणारा फवारा. अमेरिकेत १९९८ मध्ये तो देशभर आला आणि २०११ पर्यंत वर्षाला एक अब्ज डॉलरच्या विक्रीच्या पुढे गेला. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. त्याच कुटुंबातला अँबी प्युअर मात्र गाडीच्या एसीच्या जाळीला अडकवलेला आपण पाहिलेला असतो. तो ब्रँड पी अँड जीने २०१० मध्ये सारा ली या कंपनीकडून घेतला.

फेब्रीझची सुरुवातच मुळात एका चुकलेल्या नेमाने झाली होती. पहिल्या जाहिरातींचा रोख सिगारेटचा वास आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांचा वास यांवर होता. तर्क बिनतोड वाटतो: ज्याच्या घरात वास, त्याला औषध. पण माल हलेना. मग कंपनीची माणसं घरोघर जाऊन बसली आणि तेव्हा कळलं, की ज्याच्या घरात वास असतो त्याला तो येतच नाही. नाक सरावलेलं असतं. मांजरांच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर पाहुण्याचा श्वास अडकतो आणि घरमालकीण म्हणते, आमची मांजरं कशी स्वच्छ! म्हणजे ज्या गटाला वस्तूची सर्वांत जास्त गरज, त्याच गटाला ती गरज सर्वांत कमी जाणवत होती. पुढे कंपनीने सूर बदलला. गादीवरची चादर नीट केली, खोली आवरली, आता शेवटचा हात म्हणून एक फवारा. सुगंधही थोडा वाढवला. मग विक्री उसळली, कारण आता ही वस्तू घर आवरणाऱ्या कुणाचीही झाली होती.

हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या इतिहासात घडलेलं. तरीही पंधराएक वर्षांनी, नव्या माध्यमाच्या नादात, तोच गट पुन्हा हाताशी धरला गेला.

काय केलं, काय झालं

बातमीनुसार साधारण २०१४ च्या सुमारास फेब्रीझच्या जाहिराती दोन गटांकडे वळवल्या गेल्या: पाळीव प्राणी असलेली घरं आणि मोठी कुटुंबं. त्या काळात विक्री जागच्या जागी राहिली. मार्च २०१६ मध्ये ही मोहीम फेसबुकवर आणि इतरत्रही १८ वर्षांवरच्या कुणालाही खुली केली, आणि विक्री वाढली.

एवढंच. आकडे बाहेर आले नाहीत, आलेख नाही, तुलनेसाठी बाजूला ठेवलेला गट नाही. यावर जगभरच्या कॉन्फरन्समध्ये केवढे इमले उभे राहिले ते आठवलं की गंमत वाटते. पुरावा किती पक्का याकडे पुढे येतोच, पण आधी हे बघू, की असं होणं शक्य तरी का होतं.

पहिलं कारण साधं गणिताचं. समजा जाहिरातीचं बजेट १० लाख रुपये आहे आणि हजार वेळा जाहिरात दिसण्याला १०० रुपये पडतात. म्हणजे एक कोटी वेळा जाहिरात दिसेल. गट एक कोटी माणसांचा असेल तर सरासरी प्रत्येकाला एकदा. गट १० लाखांचा केला, तर तीच जाहिरात प्रत्येकाला दहादा. व्यवहारात दहादाही होत नाही, कारण नेमक्या गटासाठी जाहिरातीच्या जागेच्या लिलावात चढाओढ असते आणि दर चढतो. तो १५० झाला, तर एक कोटीऐवजी सुमारे ६७ लाख वेळाच दिसणार आणि तेही त्याच १० लाखांना, म्हणजे माणशी सहा-सात वेळा. आता सोफ्याच्या फवाऱ्याची जाहिरात एकाच माणसाला सातव्यांदा दाखवून काय साधणार? ज्याला घ्यायचं होतं त्याने दुसऱ्या वेळी ठरवलं, ज्याला घ्यायचं नव्हतं तो आता वैतागला. आणि गटाबाहेरच्या ९० लाखांपर्यंत एकदाही निरोप पोचला नाही.

दुसरं कारण ग्राहकांच्या वागण्याचं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला एरेनबर्ग-बास इन्स्टिट्यूट आहे. तिथले बायरन शार्प आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं एकच गोष्ट दाखवत आलेत. साबण, बिस्किटं, टूथपेस्ट, शीतपेयं अशा वस्तूंत कुठल्याही ब्रँडचे बहुतेक ग्राहक क्वचित घेणारे असतात. वर्षातून एखाद-दोनदा हात जातो, बाकी वेळा दुसरा ब्रँड. ब्रँड मोठा होतो तो मुख्यतः असे क्वचितवाले वाढल्याने. लाडके ग्राहक आणखी जास्त घेऊ लागल्याने होणारी वाढ त्यामानाने थोडी असते. फेब्रीझसारख्या वस्तूला हे तंतोतंत लागू आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही घरात सोफा असतो, पोरांचे खेळाचे बूट असतात, गाडीची सीट असते. मांजर असेल-नसेल. अशा वस्तूसाठी गट लहान करणं म्हणजे वाढ जिथून यायची तीच वाट बुजवणं.

इथे एक उपकथा सांगायलाच हवी, कारण ती सोशल मीडियाची नसली तरी नेमकी याच मुद्द्याची आहे. २०१२ मध्ये ईबे या ऑनलाइन बाजाराने सर्च इंजिनवरच्या आपल्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी त्या प्रयोगांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये छापून आला. वरचेवर ईबेवर येणाऱ्यांच्या खरेदीवर या सर्च जाहिरातींचा मोजण्याजोगा परिणाम नव्हता. तरी बहुतेक पैसा त्यांच्यावरच जात होता. परिणाम दिसला तो नव्यांवर आणि क्वचित येणाऱ्यांवर. रिपोर्टमध्ये मात्र आधीचा गटच सर्वांत फायदेशीर दिसायचा, कारण क्लिक तोच करायचा आणि खरेदीही तोच करायचा. ती खरेदी जाहिरात नसतानाही झालीच असती, ही गोष्ट कुठल्याच रकान्यात नसते. बारीक टार्गेटिंगच्या रिपोर्टचं हेच दुखणं आहे. ज्याला आधीच घ्यायचं आहे त्याला शोधून काढायचं आणि त्याच्या खरेदीचं श्रेय जाहिरातीला द्यायचं. आकडा सुरेख येतो, क्लायंट खूश, गल्ला तेवढाच.

‘पाळीव प्राणीवाले’ म्हणजे नक्की कोण

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. अमेरिकेत निम्म्याहून जास्त घरांत कुठला ना कुठला पाळीव प्राणी असतो. म्हणजे ‘प्राणी असलेली घरं’ हा गट मुळात लहान नव्हताच! देशातली निम्मी घरं मिळत असतील तर अरुंद झालं कुठे?

झालं ते असं, की जाहिरातदाराला मिळतो तो प्राणी पाळणाऱ्यांचा गट नसतोच. प्लॅटफॉर्मला जे प्राणी पाळणारे वाटतात, त्यांचा गट मिळतो. दोहोंत अंतर असतं. एखाद्याने कुत्र्यांचं पेज लाइक केलं, मांजरांचे व्हिडिओ रोज बघितले, की त्याच्यावर शिक्का बसतो. त्याच्या घरात प्राणी असेलच असं नाही. उलट घरात तीन कुत्री सांभाळणारा, फेसबुकवर फक्त नातवंडांचे फोटो बघायला येणारा आजोबा या गटात नसतोच. त्या काळी फेसबुक बाहेरच्या माहिती-दलालांचा डेटाही जाहिरातदारांना वापरू द्यायचं. २०१३ मध्ये अ‍ॅक्सिअम, एप्सिलॉन, डेटालॉजिक्स अशा कंपन्यांशी जोडून ही सोय सुरू झाली आणि फेसबुकवरच्या माहितीच्या गैरवापरावरून केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीचा बभ्रा झाल्यावर २०१८ मध्ये गुंडाळली गेली. दुकानातल्या खरेदीच्या नोंदी, कार्डं, सर्वेक्षणं यांवरून घराघरांचे गट पाडलेले असायचे.

हे शिक्के कितपत खरे असतात? निको न्यूमन, कॅथरीन टकर आणि टिमोथी व्हिटफील्ड यांनी ऑस्ट्रेलियात अशा विकतच्या गटांची तपासणी केली. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरची व्यक्ती पुरुष की स्त्री, एवढी साधी गोष्टसुद्धा सरासरी ४२ टक्के वेळाच बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तर याहून बरं जमलं असतं. हा अभ्यास फेसबुकच्या आतल्या डेटाचा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. फेसबुकला वय आणि लिंग लोक स्वतःच सांगतात, त्यामुळे तिथे परिस्थिती बरी असणार. पण ‘मोठं कुटुंब’, ‘प्राणीप्रेमी’, ‘घर नव्याने सजवणारे’ अशा गटांवर विसंबण्याआधी हा ४२ चा आकडा डोळ्यांसमोर असावा. एवढं करून अशा गटासाठी दर मात्र जास्तच मोजायचा असतो.

पुरावा किती भक्कम

आता उलटतपासणी. फेब्रीझचं उदाहरण हे प्रयोग म्हणून फार कच्चं आहे. आधी-नंतरची तुलना आहे. मधल्या काळात काय काय बदललं ते सांगितलेलं नाही. जाहिरात तीच होती का? किंमत, सवलती, दुकानातल्या फळीवरची जागा, स्पर्धकाची हालचाल? मोहीम ‘फेसबुकवर आणि इतरत्र’ खुली केली, म्हणजे वाढीतला किती भाग फेसबुकचा हेही वेगळं काढता येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर असल्या वस्तूंची विक्री थोडी वाढत असेल तर तेही मिसळलं.

शिवाय सांगणाऱ्याची परिस्थिती बघावी. ३० जून २०१६ ला संपलेल्या आर्थिक वर्षात पी अँड जीची एकूण विक्री ६५.३ अब्ज डॉलर होती आणि चलनाचे चढउतार व ब्रँडची खरेदी-विक्री वगळून मोजलेली वाढ जेमतेम एक टक्का. गुंतवणूकदार विचारत होते, एवढा खर्च करून वाढ कुठे आहे? अशा वेळी ‘वस्तू ठीक आहेत, आमचं माध्यमांचं धोरण जरा चुकलं, ते सुधारतोय’ हे उत्तर द्यायला सोपं असतं. प्रिचर्ड खोटं बोलले असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण फेब्रीझची गोष्ट तेव्हा त्यांच्या कामाची होती, हे विसरून ती सिद्धान्तासारखी वापरू नये.

मग या प्रकरणाला किंमत का द्यायची? कारण पुढच्या दोन वर्षांत कंपनीने जे केलं ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, आणि तिथे आकडेही आहेत.

१.७ सेकंद

सप्टेंबर २०१६ मध्ये, म्हणजे फेब्रीझच्या बातमीनंतर महिन्या-दीड महिन्यात, फेसबुकला मान्य करावं लागलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो हा त्यांचा आकडा दोन वर्षं फुगलेला होता. तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ बघणारे त्यांनी भाजकातून वगळले होते. एका मोठ्या जाहिरात कंपनीला फेसबुकने सांगितलं, की फुगवटा ६० ते ८० टक्क्यांचा असू शकतो. शाळेत सरासरी काढताना नापास मुलं मोजायचीच नाहीत, असला हा प्रकार.

जानेवारी २०१७ मध्ये प्रिचर्ड फ्लोरिडातल्या एका परिषदेत उभे राहिले आणि डिजिटल जाहिरातींची सगळी साखळीच गढूळ आहे, असं चारचौघांत बोलले. मागण्या ठोस होत्या. जाहिरात खरंच दिसली का याचं सगळ्यांना एकच माप, तिऱ्हाइताकडून पडताळणी, एजन्सींशी पारदर्शक करार आणि फसवणुकीला आळा. वर्षअखेरपर्यंत हे करा, नाहीतर पैसा नाही. मग कात्री चालली. एप्रिल ते जून २०१७ या तिमाहीत डिजिटलचा १० कोटी डॉलरहून जास्त खर्च छाटला. विक्रीच्या वाढीवर परिणाम झाला नाही. वित्तप्रमुख जॉन मोलर यांचा निष्कर्ष असा, की छाटलेला खर्च बहुतांशी निरुपयोगीच होता.

मार्च २०१८ मध्ये पुढचे आकडे आले. २०१७ या वर्षात डिजिटलवरचे २० कोटी डॉलर कमी केले, आणि तरी पोच, म्हणजे जाहिरात पोचलेल्या माणसांची संख्या, १० टक्क्यांनी वाढली. खर्च घटला आणि माणसं वाढली, हे कसं? वाचलेला पैसा टीव्ही, ऑडिओ, ई-कॉमर्स अशा ठिकाणी गेला, आणि डिजिटलमध्ये तीच जाहिरात त्याच माणसाला पुन्हा पुन्हा दाखवणं बंद केलं. वरचं दहा लाख आणि एक कोटीचं गणित आठवा. तेच मोठ्या प्रमाणावर घडलं. याच सुमारास प्रिचर्ड यांनी एक आकडा सांगितला, तो आमच्या जाहिरातीच्या धंद्यातल्या प्रत्येकाने भिंतीवर लावावा असा आहे. मोबाइलच्या न्यूजफीडमध्ये जाहिरात सरासरी १.७ सेकंद बघितली जाते. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ बघितल्या जाणाऱ्या जाहिराती फक्त २० टक्के.

गट कितीही नेमका निवडा, त्याच्याकडे आहेत १.७ सेकंद. तेवढ्यात लोगो दिसला नाही, तर ती जाहिरात स्पर्धकाची असली काय आणि आपली असली काय. टार्गेटिंगवर आठवडाभर खल करणाऱ्या किती बैठकांत जाहिरातीच्या पहिल्या सेकंदात काय दिसतं यावर दहा मिनिटं तरी जातात?

डायपरला वेगळा न्याय

पी अँड जीने पॅम्पर्ससाठी टार्गेटिंग का सोडलं नाही, ते आता उघड आहे. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या ३२ कोटींच्या आसपास होती आणि वर्षाला साधारण ४० लाख बाळं जन्मत होती. डायपर लागतात दोन-तीन वर्षं. बाळ नसलेल्या घराला डायपरची जाहिरात शंभरदा दाखवली तरी एक पाकीट खपणार नाही. इथे गटाची सीमा वस्तूनेच आखून दिली आहे. शिवाय एकदा एका डायपरचा हात बसला की आईबाप सहसा बदलत नाहीत, त्यामुळे पहिल्या पाकिटाची लढाई महत्त्वाची. ‘आई होणार’ हा शिक्का प्राणीप्रेमाच्या शिक्क्यापेक्षा पक्काही असतो, कारण त्या महिन्यांत माणूस काय काय शोधतो, काय विकत घेतो, यात खूणगाठ ठळक असते.

पुढे तर कंपनी आणखी नेमकी झाली. २०१८-१९ च्या सुमारास प्रिचर्ड सांगू लागले, की ‘१८ ते ४९ वयाच्या स्त्रिया’ हा सरधोपट गट सोडून आम्ही ३५० हून जास्त नेमके गट वापरतो: पहिलटकरीण आया, किंवा पहिल्यांदाच वॉशिंग मशीन घेतलेली माणसं. २०१६ च्या बातमीवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी ही माघार मानली. मला ती वाटत नाही. पहिलं वॉशिंग मशीन घेतलेला माणूस त्या महिन्यात साबण बदलणारच असतो. मांजर पाळणारा माणूस त्या महिन्यात काहीच बदलत नसतो. पहिल्या गटाला एक घटना बांधून ठेवते, दुसऱ्याला फक्त आवड. गट छोटा की मोठा हे नंतर. तो कशावरून पाडला, तिथे सगळा फरक पडतो.

आजचं खुलं खरंच खुलं आहे का

एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर वापरणाऱ्याचा माग काढण्यासाठी अ‍ॅपना त्याची परवानगी मागणं सक्तीचं केलं आणि बहुतेकांनी नाही म्हटलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने सांगितलं, की यामुळे त्या वर्षी सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल. त्याच वर्षी जानेवारीत आरोग्य, धर्म, राजकारण यांच्याशी संबंधित बरेच बारीक गट मेटाने काढून टाकले आणि पुढे अ‍ॅडव्हांटेज प्लस नावाने ‘तुम्ही मोकळं सोडा, आमचं यंत्र बघेल’ हा मार्ग पुढे केला. आज एजन्सीत नवा मुलगा आला तर त्याला गट ब्रॉड, म्हणजे खुला, ठेव असंच शिकवतात, आणि वर पी अँड जीचा दाखला देतात.

हा दाखला इथे बसत नाही. पी अँड जीचं ब्रॉड म्हणजे जाहिरात खरोखर सगळ्यांना दाखवणं. आजचं ब्रॉड म्हणजे गट पाडण्याचं काम माणसाकडून काढून यंत्राला देणं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नोकरीच्या जाहिराती कुणालाही खुल्या ठेवून फेसबुकवर दिल्या. सुपरमार्केटमधल्या कॅशिअरची जाहिरात ज्यांना दिसली त्यांत ८५ टक्के स्त्रिया निघाल्या. लाकूडतोडीच्या कामाची जाहिरात दिसलेल्यांत सुमारे ९० टक्के पुरुष. जाहिरातदाराने काहीच निवडलं नव्हतं. चित्र आणि मजकूर बघून कोण क्लिक करेल याचा अंदाज यंत्राने बांधला आणि त्यानुसार जाहिरात वाटली. मोहिमेचं उद्दिष्ट ‘क्लिक’ किंवा ‘खरेदी’ ठेवलंत, तर यंत्र आपसूक ईबेच्या जुन्या ग्राहकांसारखी माणसं शोधतं, जी तशीही येणारच होती. ज्याला पी अँड जीच्या अर्थाने पोच हवी आहे त्याने मोहिमेचं उद्दिष्टच पोच ठेवावं, आणि एका माणसाला आठवड्यात किती वेळा, याची मर्यादा घालावी. स्वस्तात लीड, म्हणजे चौकशी करणारे ग्राहक, मिळतील असं मात्र समजू नये. ती तुलनाच वेगळी.

कोल्हापूरच्या कार्यालयासाठी यातलं काय

आपल्याकडचा बहुतेक जाहिरातदार फेब्रीझ विकत नाही. त्याचं मंगल कार्यालय असतं, क्लास असतो, पैठणीचं दुकान असतं, आणि बजेट महिन्याला काही हजार. त्याला ‘खुलं सोड’ हा सल्ला सरसकट देणं चुकीचं. कोल्हापूरच्या मंगल कार्यालयाची जाहिरात नागपूरला दिसून उपयोग नाही. तिथे डायपरसारखीच सीमा ठरलेली आहे, ती भूगोलाने घातली आहे. ती काटेकोर ठेवावी.

घोळ होतो तो सीमेच्या आत. कार्यालयाची जाहिरात लावताना पहिला मोह होतो तो ‘एंगेज्ड’ हा गट निवडण्याचा. साखरपुडा झालेली मुलं-मुली, यापेक्षा नेमकं काय हवं? पण आपल्याकडे कार्यालय बुक कोण करतं? मुलीचे वडील, काका, कधी मामा. पन्नाशी-साठीतली माणसं, त्यांच्या प्रोफाइलवर साखरपुड्याचा शिक्का कुठून असणार. शिवाय अनेकदा साखरपुड्याची बोलणी होतानाच तारखेवरून कार्यालय बघितलं जातं, आणि पोरं स्टेटस बदलेपर्यंत बुकिंग होऊन गेलेलं असतं. अशा वेळी जिल्हा ठरवून तिशीपासून पासष्टीपर्यंत सगळ्यांना मोकळं सोडलेलं बरं. त्यात फुकट जाणारे बरेच असतील, पण कार्यालय सुचवणारा शेजारीही त्यातच असेल.

दुसरा घोळ भाषेचा. फेसबुकवर जाहिरात लावायच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये भाषेचा रकाना असतो. मराठी ग्राहक हवा म्हणून तिथे बिनदिक्कत मराठी निवडली जाते. हा रकाना माणूस घरात काय बोलतो ते बघत नाही, मुख्यतः त्याचं खातं कोणत्या भाषेत लावलंय ते बघतो. आपल्यातल्या कितीतरी जणांचं फेसबुक इंग्रजीत असतं, कारण फोन घेतला त्या दिवशी दुकानदाराने तसं लावून दिलं आणि पुन्हा कुणी हात लावला नाही. दिवसभर मराठी वाचणारी, मराठीत कमेंट करणारी ही माणसं त्या एका निवडीने बाहेर पडतात. अमेरिकेतल्या तीन कुत्री सांभाळणाऱ्या आजोबांचे हे आपल्याकडचे भाऊबंद. पुण्या-मुंबईत हे नुकसान सर्वांत जास्त, कारण तिथे इंग्रजीत लावलेले फोन जास्त. रकाना रिकामा ठेवावा आणि जाहिरात ठसठशीत मराठीत लिहावी, पहिली ओळ मोठ्या अक्षरात. ज्याला वाचता येतं तो थांबतो, ज्याला येत नाही तो १.७ सेकंदांच्याही आधी वर सरकतो, आणि कोण थांबलं यावरून पुढची माणसं यंत्र निवडू लागतं.